नापास माल जातो कुठं?

आज फवारणी-खताची नोंद नाही. मका काढून झालाय, कणसं खळ्यावर ढिगात पडलीत आणि परतीचा पाऊस अजून मधूनच हजेरी लावतोय. दरवर्षी नेमक्या याच पंधरा दिवसांत जे बोलायला पाहिजे ते कामाच्या घाईत राहून जातं, म्हणून आज लिहायला बसलो. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा. दुधाचा धंदा करणाऱ्यांनी तर नक्कीच.

विषय दाण्यावरच्या हिरव्या-पिवळ्या बुरशीचा. अस्परजिलस फ्लेव्हस तिचं नाव. मका, शेंगदाणा, सरकी, खोबरं, मिरची, सगळ्यांवर येते. ती दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. या विषाला ना रंग ना वास. बुरशी झटकली, दाणे धुतले, भाकरी थापली, दूध उकळलं, तरी विष राहतंच. भाजल्यावर काही अंशी कमी होतं, पण संपत नाही. खळ्यावरचा गडी असो, आडत्या असो की घरात दळण निवडणारी आई असो, डोळ्यांनी कोणालाच ते ओळखता येत नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळतं.

आणि माझी तक्रार त्या प्रयोगशाळेच्या जागेबद्दल आहे. आपला माल शेतातून निघून ज्या वाटेनं जातो, त्या वाटेच्या अगदी शेवटच्या टोकाला ती उभी आहे.

बघा. शेंगदाणा युरोपला पाठवायचा असेल तर अपेडाची नोंदणी लागते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला लागतो. तिकडच्या बंदरावर भारतीय शेंगदाण्याची वेगळी, जादा तपासणी होते. मोठे पोल्ट्री खाद्य कारखाने मका घेताना अफ्लाटॉक्सिन तपासतात, कारण कोंबडीचं वजन घटलं की त्यांचा पैसा जातो. म्हणजे युरोपातल्या माणसासाठी तपासणी आहे, कोंबडीसाठी तपासणी आहे. बाजार समितीत लिलाव होऊन किराणा दुकानात जाणाऱ्या दाण्याला काय आहे? आडतीवर मूठभर दाणे हातात घेऊन, दाताखाली फोडून, 'माल जरा ओला दिसतोय' असं म्हणायचं. एवढीच तपासणी.

आता शीर्षकातला प्रश्न. निर्यातीत नापास झालेला, पोल्ट्रीनं नाकारलेला माल नेमका जातो कुठं? नष्ट करायला पैसे लागतात. मातीत गाडलेला शेंगदाणा तुम्ही कधी बघितलाय? मी नाही बघितला. भाव पाडून तो कोणीतरी घेतोच. चांगले दाणे वर, खराब दाणे तेलाला, तेल काढून उरलेली पेंड गाईला. मक्याचं तसंच, खराब मका भरड्याला. वाटेत कुठंही चाचणी नाही. त्यामुळं शेवटच्या टोकाची प्रयोगशाळा विष अडवत नाही, फक्त त्याची वाट आपल्या गोठ्याकडं वळवते.

जरा आकडे समजून घेऊ, कारण आकड्यांना घाबरून आपण हा विषय सोडून देतो. एक पीपीबी म्हणजे एक किलोत एक मायक्रोग्रॅम. आपल्या एफएसएसएआयची धान्यासाठीची मर्यादा १५ पीपीबी. दहा टन मक्याच्या ट्रकमध्ये १५ पीपीबी म्हणजे सगळं मिळून १५० मिलिग्रॅम विष. तापाची ५०० मिलिग्रॅमची गोळी असते ना, तिच्या एक तृतीयांशाहून कमी. एवढ्यानं दहा टनांचा ट्रक मर्यादेला टेकतो. युरोपात थेट खाण्याच्या मक्याला ही मर्यादा ४ आहे. दुधात आपली मर्यादा ०.५, त्यांची ०.०५.

लगेच काही जण म्हणतील, हा परदेशी कावा आहे, आपला माल पाडायला काढलेलं खूळ. तर या विषाचा शोध कसा लागला ते ऐका.

१९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. कारण कळेना, म्हणून रोगाला नावच 'टर्की एक्स' दिलं. शोध घेतल्यावर धागा सापडला खाद्यात, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. तिकडच्या प्रयोगशाळांनी त्या पेंडीतून विष वेगळं काढलं, अतिनील दिव्याखाली धरलं, तर काही ठिपके निळे चमकले आणि काही हिरवे. निळ्याला बी, हिरव्याला जी. पुढं गाईच्या दुधात सापडलं त्याला एम. आज अहवालात बी-१, एम-१ असं लिहून येतं ते तिथून आलं. म्हणजे या विषाचा छडा लागला तोच पेंडीमुळं, आणि आपण साठ वर्षांनंतरही पेंड न तपासता घमेल्यात ओततो.

परदेशातलं झालं. आता आपल्या शेजारचं. १९७४ च्या पावसाळ्यानंतर राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल, या आदिवासी पट्ट्यात माणसं पिवळी पडायला लागली, पोटात पाणी भरायला लागलं. दोनशेच्या आसपास गावं. ३९७ माणसं आजारी, त्यातली १०६ गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संशोधक तिथं पोहोचले. मका हेच तिथलं मुख्य अन्न. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, कणसं भिजली, घरात साठवायला कोरडी जागा नव्हती. मक्याचे नमुने तपासले तेव्हा ६ हजारांपासून १५ हजार पीपीबीपर्यंत विष निघालं. मर्यादा १५ ची, सापडलं १५ हजार! आणि एक गोष्ट मला कधी विसरता येत नाही. माणसांच्या आधी त्या घरांतली कुत्री तशीच पोट फुगून मेली होती, कारण घरातली भाकरी तीही खात होती. गावानं बघितलं होतं, पण त्याचा अर्थ सांगायला जवळ कोणी नव्हतं.

बांसवाड्यातला तो मका कुठल्या बंदरावर निघाला नव्हता. कुठला व्यापारी त्यात नव्हता. ज्यानं पिकवला त्यानंच खाल्ला. २००४ साली केनियाच्या पूर्व भागात हेच झालं. ३१७ आजारी, १२५ मृत्यू, घरचाच ओला साठवलेला मका. नंतर तिथल्या बाजारातल्या मक्याचे ३५० नमुने घेतले, तर निम्म्याहून जास्त नमुने तिथल्या २० पीपीबीच्या मर्यादेवर निघाले. म्हणून 'घरचं आहे, शुद्धच असणार' हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

अशी मोठी साथ क्वचित येते, हे खरं. पण थोडं-थोडं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं की ते यकृतावर जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं. शांघायमध्ये अठरा हजारांवर पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांची लघवी प्रयोगशाळेत साठवून ठेवली होती आणि त्यातून कोणाच्या पोटात अफ्लाटॉक्सिन गेलं ते शोधलं. नुसतं अफ्लाटॉक्सिन असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका साधारण साडेतीन पट, नुसती हिपॅटायटिस बी-ची लागण असलेल्यांना सातपट. दोन्ही असलेल्यांना? जवळजवळ साठपट. बेरीज झाली नाही, गुणाकाराच्याही पुढं गेलं. म्हणून बाळाला हिपॅटायटिस बी-ची लस द्यायला टाळाटाळ करणाऱ्यांनी हे दोन्ही एकत्र वाचावं. १९९१ मध्ये तर दक्षिण आफ्रिका आणि चीनमधल्या रुग्णांच्या गाठींत एकाच जनुकावर, एकाच ठिकाणी तोच बदल पुन्हा पुन्हा सापडला. चोरानं घरात बोटांचे ठसे सोडावेत तसा.

आता दुधाकडं या.

गाईनं बी-१ असलेली पेंड खाल्ली की तिच्या यकृतात त्याचं एम-१ होतं आणि दिवसभरात ते दुधात उतरतं. खाल्लेल्या विषाचा साधारण एक-दोन टक्के भाग, जास्त दूध देणाऱ्या गाईत त्याहून जास्त, सहा टक्क्यांपर्यंत. पाश्चरायझेशननं जात नाही. पनीर केलं तर केसिनला चिकटून उलट घट्ट होतं. चांगली बातमी एवढीच की खराब खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. म्हणजे इलाज गोठ्यातच आहे, फक्त खाद्य खराब आहे हे कळायला पाहिजे!

२०१८ साली एफएसएसएआयनं देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. डिटर्जंट, युरिया, हायड्रोजन पेरॉक्साइड असली घातक भेसळ किती नमुन्यांत सापडली? १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त किती नमुन्यांत? ३६८. दर शंभरात पाच-सहा. टीव्हीवाल्यांनी वर्षानुवर्षं युरियाच्या दुधाच्या बातम्या चालवल्या आणि शेतकऱ्याला चोर ठरवलं. बाराचा गाजावाजा झाला, ३६८ बद्दल गावातल्या किती दूध संकलन केंद्रांवर साधा कागद लागला? त्या ३६८ मध्ये लबाडी कोणाचीच नाही. पेंडीच्या पोत्यावर जे छापलं होतं त्यावर विश्वास ठेवणारा माणूस आहे.

पशुखाद्यात बी-१ साठी बीआयएसची मर्यादा २० पीपीबी आहे. मानक आहे, कागदावर आहे. तुम्ही घेतलेल्या शेवटच्या दहा पोत्यांपैकी किती पोत्यांबरोबर अफ्लाटॉक्सिनचा अहवाल आला? प्रोटीन किती, फॅट किती, हे मोठ्या अक्षरात. यापुढं हा प्रश्न आणखी वाढणार आहे, कारण मका आता इथेनॉलला चाललाय. इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा, डीडीजीएस म्हणतात तो, स्वस्त प्रथिन म्हणून खाद्यात येतो. स्टार्च निघून गेल्यामुळं मूळ मक्यात जेवढं विष होतं त्याच्या साधारण तिप्पट तीव्रता चोथ्यात येते. १५ पीपीबीचा 'पास' मका चोथ्यात ४५ होतो. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, मक्याला गिऱ्हाईक मिळालं हे चांगलंच झालं. पण तो चोथा तपासल्याशिवाय माझ्या गोठ्यात नको.

जाता जाता लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल. रिफाइंड तेलात अल्कलीची प्रक्रिया होते, त्यात अफ्लाटॉक्सिन निघून जातं. घाण्याच्या तेलात ती प्रक्रियाच नाही. म्हणजे घाण्याचं तेल घ्यायचं तर दाणा निवडक, कोरडा, तपासलेलाच पाहिजे. 'पोचट, काळपट दाणे घाण्याला टाकू' हे गणित अगदी उलटं आहे. घाणेवाल्या मित्रांना राग येईल, येऊ द्या.

आता 'आमचे आजोबा हेच खायचे' वाल्यांसाठी. आजोबा मुख्यतः रब्बीची ज्वारी खायचे. ती फेब्रुवारी-मार्चच्या कडक उन्हात, कोरड्या हवेत खळ्यावर यायची. आपण खरिपाचा मका परतीच्या पावसात काढतो, तोही २०-२५ टक्के ओलाव्यावर, मळणी यंत्रातून दाणे फोडत. वर लष्करी अळीनं कणसाला आधीच भोकं पाडलेली. तुलनाच नाही. आणि ज्वारीही पावसात भिजली की सुटत नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी-जुलाब लागले होते, तिथं दुसऱ्या बुरशीचं फ्युमोनिसिन हे विष सापडलं.

कृषी विभागाचे आणि विद्यापीठाचे मित्र इथं वाचतात, त्यांना माहीत आहे की यातलं बरंच आपल्या हातात आहे. भुईमुगाला शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात पाण्याचा ताण पडला आणि जमीन तापली की बुरशी उभ्या पिकातच शेंगेत शिरते. हुमणी-वाळवीनं शेंग पोखरली की तिला दार उघडं. फुलोऱ्यात जिप्सम, शेवटचं एक पाणी वेळेवर, उपटल्यावर शेंगा वर करून सुकवणं, दाणे ७-८ टक्के ओलाव्यावर आणणं. मका १३-१४ च्या खाली. शेंगा फोडताना दाणे तुटू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी मारायची सवय तर आजच्या आज बंद व्हायला पाहिजे. ओली करून फोडायची आणि तशीच पोत्यात भरायची, म्हणजे बुरशीला आवतणच. हे सगळं चर्चासत्रात सांगतात, पत्रकात छापतात. तरी शेतकरी करत नाही, आणि मग 'जनजागृतीची गरज आहे' असं म्हणून चहा पिऊन सगळे घरी जातात.

जनजागृतीचं तुणतुणं पुरे झालं. शेतकरी का सुकवत नाही, त्याचा हिशेब मांडतो.

माझ्याकडं १८ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल मका आहे. त्यात कोरडा भाग ८२ क्विंटल. तो १३ टक्क्यांवर आणला की वजन उरतं ९४ क्विंटल २५ किलो. पावणेसहा क्विंटल हवेत गेले. दोन हजारांचा भाव धरा, तर साडेअकरा हजार रुपये गेले. वर चार दिवसांची मजुरी, ताडपत्री, रात्री पाऊस आला की उठून झाकणं, ते वेगळंच. नुसती वजनाची भरपाई व्हायची तर कोरड्या मक्याला क्विंटलमागं किमान १२२ रुपये जास्त मिळायला पाहिजेत. मिळतात का? बाजारात 'हवा' मोजतात ती भाव पाडायला. जास्त निघाली तर कडता, कमी निघाली तर गप्प. एका मार्केटमध्ये मी मीटरचा आकडा दाखवा म्हणालो तर 'तुम्हाला त्यातलं काय कळतंय' असं ऐकून घ्यावं लागलं. अशा बाजारात मका सुकवणारा माणूस स्वतःच्या खिशातून पैसे घालून दुसऱ्याचं आरोग्य सांभाळतोय. कोण सांभाळेल?

म्हणून मी म्हणतो, चाचणी पहिल्या खरेदीच्या जागी आणा आणि भाव तिला बांधा. हे काही चंद्रावरचं मागत नाही. दुधाचा भाव फॅटवर ठरतो की नाही? फॅट मोजणं ही एकेकाळी प्रयोगशाळेतलीच गोष्ट होती, गर्बर नावाच्या स्विस माणसानं काढलेली पद्धत. आज गावोगावच्या डेअरीत मशीन आहे, काटा पडायच्या आधी आकडा दिसतो, आणि फॅटला पैसे मिळायला लागल्यापासून कोणाला जनजागृती करावी लागली नाही. पेंड, सरकी, वैरण, सगळ्याचा हिशेब माणसं आपोआप शिकली. उसाच्या कारखान्यातही रिकव्हरी प्रयोगशाळाच मोजते. मग मका आणि शेंगदाण्यालाच मूठ आणि दात कशाला?

अफ्लाटॉक्सिनची झटपट पट्टी मिळते. दाणे दळायचे, अल्कोहोल-पाण्यात हलवायचे, गाळून थेंब टाकायचे, दहा-पंधरा मिनिटांत उत्तर. एका पट्टीला काही शे रुपये. एकट्या शेतकऱ्याला जास्त, पण १०० क्विंटलच्या ढिगावर क्विंटलमागं मोजके रुपये. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅटनं स्वस्त एलायझा चाचणी तयार केली. तिच्या आधारानं आफ्रिकेतल्या मलावीच्या शेतकरी संघटनेनं आपला शेंगदाणा पुन्हा युरोपच्या बाजारात नेला. आपल्या अंगणात बनलेली चाचणी मलावीच्या शेतकऱ्याला दिसली, लातूर-धुळ्याच्या बाजार समितीला दिसली नाही.

अमेरिकेत शेंगदाणा खरेदी केंद्रावरच वर्गवारी होते. दाण्यावर ही बुरशी दिसली की तो ढीग तिसऱ्या वर्गात, खायला जात नाही, फक्त तेलाला, आणि भावही तसा. पहिल्याच दारात वेगळा काढलेला माल पुढं चांगल्यात मिसळत नाही. आपल्याकडं आडतीवर दहा जणांचा माल एकाच ढिगात ओततात, आणि एकाच्या घाणीत नऊ जणांचं सोनं जातं.

यावरचा सगळ्यात खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चाचणी आली की व्यापाऱ्याच्या हातात अजून एक कोलीत. आज 'हवा' म्हणून कापतो, उद्या 'बुरशी' म्हणून कापेल. बरोबर आहे. आणि या विषाच्या बाबतीत तर फसवणुकीला जागा फार मोठी, कारण ते मालात सारखं पसरलेलं नसतं. शेंगदाण्यात हजारात एखादाच दाणा खराब असतो, पण तो एक दाणा भयंकर असतो. एकेका दाण्यात दहा लाख पीपीबीपर्यंत विष सापडलंय. अर्ध्या ग्रॅमचा असा एक दाणा दहा किलोत असला तर त्या दहा किलोची सरासरी ५० पीपीबी होते. आता तुम्ही मूठभर दाणे उचलले तर तो दाणा मुठीत येईल का? बहुतेक नाही, आणि खराब माल पास होईल. चुकून आला तर चांगला ढीग नापास. अमेरिकेत व्हिटेकर नावाच्या संशोधकानं आयुष्यभर हाच अभ्यास केला. त्याचं सांगणं असं की चूक यंत्रात कमी आणि नमुना घेण्यात जास्त होते. म्हणून तिकडं शेंगदाण्याचा नमुना साधारण बावीस किलोचा घेतात. युरोपात शंभर ठिकाणांहून थोडा-थोडा घेऊन वीस किलोचा. आपल्याकडं पोत्यात टोकदार नळी खुपसून वाटीभर काढतात आणि त्यावर शेतकऱ्याची वर्षाची कमाई ठरवतात. शेतकऱ्याच्या घरून पाकिटात आलेल्या पावशेर दाण्यांवर 'सुरक्षित' असा शिक्का मारणारे जे आहेत, त्यांनाही हे लागू आहे. आपल्यातलेही काही जण वरचे चांगले दाणे निवडून पाठवतात, ते मला माहीत आहे.

तेव्हा मागायचंच तर नीट मागा. नमुना शेतकऱ्यासमोर, ढिगाच्या वर-मधे-खाली अनेक ठिकाणांहून, किलोत, वाटीत नाही. तो सगळा दळून, मिसळून मगच चाचणी. त्याच दळलेल्या पिठाचे दोन भाग, एक सीलबंद करून शेतकऱ्याकडं, म्हणजे निकाल मान्य नसेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेत नेता येईल. पट्टी आणि ओलाव्याचा मीटर बाजार समितीचा, व्यापाऱ्याचा नाही. कोरड्या, स्वच्छ मालाला जाहीर जादा भाव, फलकावर लिहिलेला. आणि नापास मालाचं काय करायचं हे त्याच दारात ठरलेलं, नोंद करून, पेंडीच्या पोत्यात गुपचूप जायला वाव नाही. यातली एक जरी गोष्ट गाळली तरी मी या चाचणीला विरोध करीन, आत्ताच सांगून ठेवतो.

कृषी संशोधकांकडं वेगळं मागणं आहे. याच बुरशीच्या काही जाती विष तयारच करत नाहीत. त्या निर्विष जाती शेतात आधी सोडल्या की विषारी जातींना जागा उरत नाही. अमेरिकेत पीटर कॉटी यांनी अॅरिझोनाच्या कपाशीत हे करून दाखवलं. पुढं नायजेरियातल्या आयआयटीए संस्थेत रणजित बंद्योपाध्याय, जे आधी आपल्या इक्रिसॅटमध्ये होते, त्यांच्या चमूनं 'अफ्लासेफ' मका आणि भुईमुगात आणलं. ज्वारीच्या मेलेल्या दाण्यांवर बुरशी चढवायची आणि हेक्टरी दहा किलो, फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी, हातानं फेकायची. विष ८० टक्क्यांहून जास्त कमी होतं. नायजेरियात असा मका पिकवणाऱ्याला टनामागं प्रोत्साहन रक्कमही दिली, तेव्हा कुठं तो पसरला. पण तिकडची बुरशी इकडं आणून चालत नाही, इथल्याच मातीतल्या निर्विष जाती शोधाव्या लागतात. माझ्या तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रात असलं काही मला मिळालेलं नाही. टॉनिकच्या बाटल्या मात्र चाळीस प्रकारच्या आहेत. विद्यापीठातल्या मित्रांनो, आमच्या शेतातली माती न्या, कणसं न्या, भाडं आम्ही देतो.

तोवर माझ्याकडून एवढं. या आठवड्यात आमच्या गटातले अकरा जण मिळून पट्ट्यांचा एक डबा मागवतोय. पहिली चाचणी मक्याची नाही, पेंडीची करायची ठरलंय. दुकानदाराला आधीच सांगितलंय की दहा पोती घेऊ, पण प्रत्येक पोत्यातून थोडं-थोडं काढून तपासू, आणि २० च्या वर निघालं तर पोती परत. तो म्हणाला, आजपर्यंत असं कोणी विचारलं नव्हतं. आकडा काय येतो तो इथं टाकीन, चांगला आला तरी आणि वाईट आला तरी. ज्यांच्या डेअरीत किंवा बाजार समितीत अशी चाचणी आधीच होते त्यांनी नमुना कसा आणि किती घेतात तेवढं लिहा. आणि ज्यांची कणसं अजून ढिगात आहेत त्यांनी आधी मोबाईल ठेवा आणि ढीग पसरा, आभाळ भरून आलंय.